नदीकाठचं ९ हेक्टरांचं रान

सदाहरित रानात पक्षी आधी ऐकू येतो, आणि बरेचदा त्यापुढे काही घडतच नाही. भिगवणच्या किंवा नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यावर पक्षी पाहायला शिकलेल्यांना हे जड जातं. तिथे पाणी उघडं, पक्षी उघडे, दुर्बीण लावली की रोहितांचा थवा समोर. आंबोलीत किंवा कोयनेच्या रानात फिरलेल्यांना मात्र ठाऊक असतं: वर पानांचं छत, खाली सावली, मध्ये वेलींची गुंतागुंत, आणि तासभर मान वर करून उभं राहिल्यावर दिसते ती पानाआड जाणारी एक शेपटी.

विंगमचं रान याच जातीचं. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात, सिडनीहून उत्तरेला गाडीने चारेक तासांवर, मॅनिंग नदीच्या काठी विंगम नावाचं छोटं गाव आहे. गावाच्या मधल्या बागेतून चालत निघालं की दहा मिनिटांत माणूस ‘विंगम ब्रश’ या राखीव रानात शिरतो. रान केवढं, तर साधारण ९ हेक्टर, म्हणजे बावीसेक एकर. एका अंगाला नदी, बाकीच्या बाजूंना घरं आणि कुरणं. विषुववृत्ताच्या उत्तरेला जितकं धरमशाळा, जवळपास तितकंच दक्षिणेला हे गाव. म्हणजे उष्ण कटिबंध संपून बराच पुढे आलेला प्रदेश. हिवाळ्यात सकाळी स्वेटर लागतो. तरीही समुद्रावरून येणारा ओलावा आणि नदीने पुरांतून आणून टाकलेली काळी, खोल माती यांच्या जोरावर इथे बारमाही हिरवं जंगल उभं राहिलं. समशीतोष्ण हवेच्या उंबऱ्यावरचं, समुद्रसपाटीलगतचं वर्षावन.

तीच माती या जंगलाच्या मुळावर आली. मॅनिंगचं खोरं ही बिरीपाई लोकांची भूमी. एकोणिसाव्या शतकात युरोपीय आले ते आधी लाकडासाठी. त्यांना हवा होता ‘रेड सिडार’. हे झाड आपल्याला परकं नाही. सह्याद्रीत आणि हिमालयाच्या पायथ्याशी वाढणारा तून तोच. जात एकच, टूना सिलिआटा. लाल, हलकं, सुतारकामाला मऊ असं लाकूड नदीतून वाहून नेता येई आणि जहाजं विंगमच्या धक्क्यापर्यंत येत. त्याच्या वर नदी त्यांना पुरत नसे. तून संपले, मग उरलेलं जंगल तोडून मका लावला, गाई आणल्या. पूरमैदानावरची अशी जंगलं किनारपट्टीभर याच क्रमाने गेली. आणखी उत्तरेला लिझमोरच्या आसपास ‘बिग स्क्रब’ नावाचं सुमारे ७५,००० हेक्टरांचं जंगल होतं. त्याचा एक टक्काही उरला नाही. २०११ साली ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने या प्रकारच्या सखल वर्षावनाला ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवलं. एखाद्या प्राण्याला नव्हे, संपूर्ण जंगलप्रकाराला. त्या यादीच्या पार्श्वभूमीवर विंगमचे ९ हेक्टर लहान वाटेनासे होतात.

मी गेले ती जुलैत, ऐन आषाढात; तिकडे तो हिवाळा. भाची सिडनीत असते. तिला पक्ष्यांचं वेड नाही, पण मावशीला आहे म्हणून तिने गाडी काढली. रानात जमिनीपासून उचललेली पायवाट आहे. ती सोडून खाली उतरायचं नाही, हे भाचीने मला शिरतानाच बजावलं होतं. तरी एका हृदयाच्या आकाराच्या, ताटाएवढ्या रुंद पानाकडे माझा हात गेलाच. “मावशी, नको! त्याला हात नको लावू,” ती एवढ्या जोरात ओरडली की पुढे चाललेलं एक जोडपं थांबून मागे बघू लागलं.

ते झाड ‘जायंट स्टिंगिंग ट्री’. आपल्या खाजकुयलीचा त्रास दिवसभराचा. याच्या पानावरचे काचेसारखे बारीक केस कातडीत मोडतात आणि दुखणं कधी कधी आठवडे, महिने परत परत उसळतं. गार पाणी लागलं तरी. २०२० साली क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यातलं विष वेगळं करून दाखवलं. त्याची रचना कोळी आणि समुद्री शंखगोगलगाईंच्या विषासारखी आहे, म्हणून सगळ्यांचे डोळे विस्फारले. गंमत ही की याच झाडाची फळं पक्षी मजेत खातात आणि पानं किड्यांनी चाळणीसारखी करून ठेवलेली असतात. विष आहे ते सस्तन प्राण्यांसाठी, तेही सगळ्यांसाठी नव्हे. आपण त्या यादीत आहोत.

पहिला आवाज आला तो चाबकाचा. लांबलचक शीळ, चढत जाणारी, आणि शेवटी फटकारा. लगेच दोन तुटक सूर. ऐकणाऱ्याला वाटतं एक पक्षी ओरडला; प्रत्यक्षात फटकारा नराचा आणि उत्तर मादीचं. दोघांच्या सुरांत फट राहत नाही. ‘ईस्टर्न व्हिपबर्ड’ काळपट हिरवा, तुरेवाला आणि कमालीचा लाजरा. पाचोळ्यात पायाने खणत फिरतो. ऐकलेले सगळे व्हिपबर्ड मोजले तर आकडा बरा होईल. पाहिलेले मोजायला एक हात पुष्कळ आहे.

अशा जंगलात पक्ष्यांच्या मागे फिरून उपयोग नसतो. फळ कुठे पिकलंय ते बघायचं आणि तिथे बसायचं. मला वाटतं, इथलं पक्षिनिरीक्षण हे मुळात झाडांचं निरीक्षण आहे. विंगममध्ये ते झाड म्हणजे ‘मोर्टन बे फिग’, वडा-उंबराच्या कुळातलं. पक्ष्याच्या विष्ठेतून बी दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात पडतं, तिथून मुळं खाली सोडतं, जमिनीला टेकलं की फुगतं आणि यजमानाला गिळतं. आपल्याकडे देवळाच्या कळसावर पिंपळ उगवतो तीच पद्धत. शंभर वर्षांनी त्या मुळांच्या भिंती माणसाच्या डोक्याहून उंच होतात. आपण उंबर फोडलं की आत केंबरं निघतात. या फिगच्याही प्रत्येक फळात त्याची ठरावीक इवली गांधीलमाशी असते. ती माशी काही दिवसच जगते, म्हणून परिसरातल्या कुठल्या तरी झाडाला फळ धरलेलं असावंच लागतं. सगळी झाडं एकाच वेळी पिकली तर माशीचा वंश बुडेल आणि तिच्या पाठोपाठ झाडाचा. माशीच्या या सक्तीमुळे पक्ष्यांना हिवाळ्यातही, बाकीची झाडं रिकामी असताना, फळ मिळतं.

त्या झाडाखाली आम्ही बसलो. वरून फळांची सालं, अर्धवट खाल्लेले तुकडे टपटप पडत होते. ‘फिगबर्ड’ची टोळी होती, हा आपल्या हळद्याच्या कुळातला, नराच्या डोळ्याभोवती लालबुंद उघडी कातडी. मग पानांत सोनेरी-काळं काही तरी हललं आणि भाचीने माझ्या आधी ते पाहिलं. ‘रीजंट बॉवरबर्ड’चा नर. काळा कुळकुळीत, डोकं, मान आणि पंखांचा मोठा भाग पिवळ्याधमक रंगाचा. उन्हाळ्यात हा वरच्या डोंगरातल्या रानात असतो, काड्यांचा मांडव उभारून त्यात मादीला बोलावतो. हिवाळ्यात खाली उतरतो तो या फळांसाठी.

इथे मला विंगमच्या रानाचं खरं काम दिसलं. नकाशावर ते कुरणांत अडकलेलं एक हिरवं बेट आहे. पक्ष्यांच्या लेखी ती वाटेवरची धर्मशाळा आहे. वर डोंगर, खाली किनारा, आणि वर्षभर या दोहोंच्या मधून चालणारी ये-जा. ‘टॉपनॉट पिजन’ नावाचे राखाडी, झुपकेदार तुऱ्याचे कबुतरांचे थवे फळाच्या मागे मैलोन् मैल हिंडतात. एके काळी ते हजारोंनी उडत. पोटात बिया घेऊन ते जिथे उतरतात तिथे जंगल पेरतात. ९ हेक्टरांत सगळ्या जातींच्या झाडांना पुरेसा सोयरा मिळणं अवघड. बाहेरून बी येत राहिलं तरच असं रान टिकतं.

यात सगळी कबुतरं सारखी उपयोगाची नाहीत, आणि हे मला आपल्या राज्यपक्ष्याबद्दल सांगायला थोडं जड जातं. हरियल वडा-उंबरावर तुटून पडतो, पण त्याच्या पोटातलं जातंच दाणे भरडून काढतं. बी बहुधा संपतं. या किनाऱ्यावरच्या वर्षावनांतलं ‘वोम्पू फ्रूट डव्ह’, हिरव्या पाठीचं, जांभळ्या छातीचं, घुमणारा खोल आवाज असलेलं, फळ अख्खं गिळतं, गर घेतं आणि बी जसंच्या तसं सोडतं. दिसायला दोघं एकाच घरातले. जंगलाच्या हिशेबात एक ग्राहक आणि दुसरा पेरणारा.

जमिनीवर मात्र वेगळंच राज्य. ‘ब्रश टर्की’ नावाचा काळा, लाल मुंडीचा, पिवळ्या गळपट्ट्याचा कोंबड्याएवढा पक्षी पायांनी पाचोळा मागे फेकत फिरत होता. हा पक्षी अंडी उबवत नाही. नर पानापाचोळ्याचा मीटरभर उंच ढीग रचतो, मादी त्यात अंडी पुरते, आणि कुजणाऱ्या पानांच्या उष्णतेवर ती उबतात. नर चोच खुपसून उष्णता पाहतो. वाढली की पाचोळा काढतो, उतरली की घालतो. ढीग साधारण ३३ ते ३५ अंशांवर राहतो. पिल्लू ढिगातून स्वतः खणत बाहेर येतं आणि आईबापांची ओळखही न होता चालू लागतं. शहरांच्या उपनगरांत आता हे पक्षी लोकांच्या बागा उकरतात आणि शिव्या खातात.

मला ज्याची ओढ होती तो पिट्टा. आपला नवरंग मेच्या अखेरीस कोकणात आणि सह्याद्रीत पोचतो, पावसाआधी दोन सुरांची शीळ घालतो आणि पावसाळ्यात घरटं करतो. मी घरून निघाले तेव्हा तो तिकडे बोलत होता. त्याचा चुलतभाऊ ‘नॉइझी पिट्टा’ ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरचा. हाही हिवाळ्यात डोंगरातून सखल रानात उतरतो. पिवळसर छाती, काळा मुखवटा, पोटाखाली तांबडा डाग, पंखांत निळं. गोगलगाय सापडली की हा ठरलेल्या दगडाशी किंवा मुळाशी जातो आणि तिथे आपटून शंख फोडतो. अशा दगडाभोवती फुटक्या शंखांचा सडा असतो. पक्षी नसला तरी त्याचा पत्ता लागतो. आम्हाला आधी सडा दिसला. नंतर, बऱ्याच वेळाने, पाचोळ्यात टुणटुण उड्या मारत जाणारा एक आखूड शेपटीचा आकार. दुर्बीण डोळ्याला लागेपर्यंत तो फिगच्या मुळाआड गेला. पंखांतलं निळं तेवढं दिसलं. मला ते पुरलं. भाचीला नाही, ती म्हणाली, एवढं दिसायला चार तास गाडी?

पायवाटेच्या वरच्या फांद्यांना वटवाघळं लटकली होती. करड्या डोक्याचे, तांबूस मानेचे ‘फ्लाइंग फॉक्स’. आपल्या वडांवर लटकतात त्याच प्रजातीगणातले. विंगममध्ये त्यांची जुनी वसाहत आहे. हिवाळ्यात गर्दी कमी. ऑक्टोबरच्या सुमाराला पिल्लं होतात तेव्हा हजारोंनी. दिवसभर कलकल आणि एक जड, आंबूस वास. गावातल्या बऱ्याच लोकांना ती नकोशी वाटतात. २००१ पासून ती देशपातळीवर ‘असुरक्षित’ गणली जातात. एका रात्रीत ती पन्नास किलोमीटरपर्यंत उडून जातात, निलगिरीच्या फुलांचं परागीभवन करतात, फिगचं बी वाटेवर टाकतात. पण जिथे दिवसा बसतात तिथे पालवी झडते, फांद्या मोडतात, छताला भोकं पडतात. उन्हाचा कवडसा जमिनीवर येतो, आणि मग वेली.

१९८० साली हे रान वेलींखाली मरत होतं. माणसांनी बागेसाठी आणलेल्या वेली. दक्षिण अमेरिकेतली ‘मदीरा वाइन’, जिच्या खोडावर लहान कंदांचे घोस धरतात आणि कापली की ते कंद खाली पडून शेकडो नवे वेल उगवतात. नख्यांनी झाडाला घट्ट धरून चढणारी ‘कॅट्स क्लॉ’, जी आपल्याकडेही पिवळ्या फुलांसाठी हौसेने भिंतींवर चढवली जाते. जमिनीवर ट्रॅडेस्कँशियाची गुडघाभर गादी. रोपाला डोकं वर काढायला जागा नाही. वरची झाडं वजनाखाली कोसळत होती आणि खालून नवी येत नव्हती.

त्या काळी ऑस्ट्रेलियात रान सुधारण्याची मान्य पद्धत होती सिडनीच्या ब्रॅडली भगिनींची, जोन आणि आयलीन यांची. चांगल्या भागातून सुरुवात करायची, हळूहळू वाईट भागाकडे सरकायचं, हाताने तण काढायचं, माती कमीत कमी हलवायची आणि स्थानिक झाडं जितकी जागा घेतील तितकंच पुढे जायचं. उघड्या झुडपी रानात ती पद्धत चालली. विंगममध्ये जॉन स्टॉकर्ड यांनी काम हाती घेतलं तेव्हा ती पुरणार नव्हती; संथपणे पुढे जायचं तर मागे रान उरलं नसतं. त्यांनी उलट केलं. आधी झाडं वाचवायची: वरून लोंबणाऱ्या वेलींना माणसाच्या उंचीवर कापायचं, मदीराच्या खोडाची साल खरवडून त्या ओल्या जखमेला लगेच तणनाशक लावायचं, म्हणजे कंद न पडता वेल उभाच मरतो. जमिनीवरची गादी फवारून मारायची. मग परत यायचं, आणि परत यायचं. तणनाशक वापरलं म्हणून नाकं मुरडली गेली. पण छत मिटू लागलं, सावली परतली, आणि जमिनीतलं, पक्ष्यांनी टाकलेलं बी आपोआप उगवलं. रोपं लावावी लागली नाहीत. आज ऑस्ट्रेलियात वर्षावन पुनरुज्जीवन शिकवताना विंगमचं उदाहरण देतात.

आम्ही गेलो त्या दिवशीही हातमोजे घातलेल्या एक वयस्क बाई नदीच्या बाजूला वाकून काही तरी उपटत होत्या. किती वर्षं येता, विचारलं तर हसल्या. काम संपत नाही ते नदीमुळे, असं त्यांचं म्हणणं. वरच्या अंगाच्या बागांतून आणि ओढ्यांतून मदीराचे कंद पुरात वाहून येतात. मार्च २०२१ मध्ये मोठा पूर आला होता, आणि मे २०२५ मध्ये तर मॅनिंगने टारी शहरात १९२९ चा पुराचा विक्रम मोडला. ज्या गाळावर हे रान उभं आहे, तोच गाळ आता तणही आणतो. नदीला फाटक लावता येत नाही.

पक्ष्यांनाही लावता येत नाही, आणि यातली सगळ्यात पेचाची गोष्ट कापराची. देव्हाऱ्यात जळणारा कापूर मुळात ज्या झाडाचा (आता बाजारातला बहुतेक कारखान्यात टर्पेंटाइनपासून होतो), ते पूर्व आशियातलं झाड १८२२ साली ऑस्ट्रेलियात आलं. सावलीसाठी शाळा-मैदानांत लावलं गेलं आणि पुढे न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागातली टेकड्यांची कुरणं त्याने व्यापली. त्याची काळी फळं पसरवली फिगबर्ड, टॉपनॉट यांनीच. वर्षावन तुटल्यावर उपाशी पडलेल्या कबुतरांना हिवाळ्यात खायला मिळालं ते या परक्या झाडाचं. पांढऱ्या डोक्याचं ‘व्हाइट-हेडेड पिजन’ दुर्मीळ होत चाललं होतं, ते कापरावर सावरलं. कापूर उपटला तर पक्षी उपाशी, ठेवला तर देशी रान मागे पडणार. बिग स्क्रबच्या परिसरात यावर तोडगा निघाला तो पक्ष्यांकडूनच शिकून: कापरावर बसलेले पक्षी खाली देशी झाडांच्या बियाही टाकतात. ती रोपं सावलीत वर आली की कापूर उभ्या उभ्या मारायचा. झाड पाडायचं नाही. छत एकदम उघडत नाही, पक्षी बसत राहतात आणि मेलेल्या कापराखालून वर्षावन वर येतं. आपल्याकडे घाणेरीच्या झुडपांशी झुंजणाऱ्यांनी हे जवळून बघायला हवं, असं मला वाटलं. आपण बहुधा घाणेरी उपटतो, फोटो काढतो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे घाणेरीच असते.

धर्मशाळा जपली, पण रस्ता? नोव्हेंबर २०१९ मध्ये विंगमच्या वायव्येच्या डोंगरांत आग लागली. बोबिन गावची शाळा जळाली. त्या मोसमात जागतिक वारसा असलेल्या गोंडवन वर्षावनांच्या निम्म्याहून अधिक क्षेत्रातून आग फिरली. कधी न जळणारी म्हणून ओळखली जाणारी ती रानं. रीजंट बॉवरबर्डचं आणि पिट्ट्याचं उन्हाळी घर तिकडेच आहे.

दुपारी आम्ही नदीवर आलो. पाणी संथ, रुंद, तपकिरी. पलीकडच्या वाळक्या झाडावर पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड बसला होता. तो नातेवाईक वगैरे नव्हे, तीच जात. रत्नागिरीकडे त्याला काकण म्हणतात आणि तो तिथे किनाऱ्यालगतच्या उंच झाडांवर घरटं करतो. भाचीला दिवसभरात आवडलेला पक्षी हाच, कारण तो हलला नाही.

दिवाळीच्या सुमाराला तिचा फोन आला तो तक्रारीचा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये न्यू गिनी आणि इंडोनेशियाकडून कोकीळ ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर येतो. आपल्या कोकिळेचा अगदी जवळचा भाऊबंद. फिगबर्डच्या आणि इतरांच्या घरट्यात अंडी टाकतो, फिगची फळं खातो, मार्च-एप्रिलला परत जातो. तिकडे तो वसंत, म्हणून कोकीळ आणि दिवाळी एकत्र येतात. सिडनीत त्याच्यावर दरवर्षी तक्रारी होतात, कारण तो अंधार असतानाच सुरू करतो आणि थांबत नाही. देशी पक्षी असल्याने त्याला कायद्याचं संरक्षण आहे. भाचीच्या शेजाऱ्याने तिलाच विचारलं, पहाटे चारला तुलाही त्रास होत असेल ना? तिने सांगितलं, आज होणार नाही, आज आमच्या घरात चारला सगळे अभ्यंगस्नानाला उठलेले असतात.